दोन जावा आन एक पत्ता

सेलूत आमी दोघी जावा नेट पुरवतो, पण पत्त्यांवरून आमची लय जुंपली होती. घराघराच्या जोडणीला लागणारे इंटरनेटचे जुने नंबरी पत्ते संपलेले, नव्यांवर सगळ्या साइटी उघडत न्हाईत. म्हणून एकच जुना पत्ता कैक घरांत वाटावा लागायचा.

थोरल्या जाऊबाई, आक्का, म्हणल्या, "हापिसातली एक मोठी मशीन वाटंल."

मी म्हणलं, "त्यापरीस पत्त्यातला ज्याचा वाटा त्याच्या घरच्या राउटरलाच आधी बांधून देऊ."

मग त्यांच्या गल्लीत त्यांची पद्धत, माझ्या गल्लीत माझी.

बारावीच्या निकालाला सगळेच तुटून पडले आन सगळा भार एकटीवर आलेली आक्कांची मशीन बंद पडली. माझ्या गल्लीत मात्र निकाल भराभर उघडायले होते. तेवढ्यात आक्कांचीच लेक धापा टाकत माझ्या दारात आली. "काकू, माझा बघा!"

पोरगी पास! मागून आलेल्या आक्कांनी तिला कवटाळलं आन मला म्हणल्या, "आमच्या गल्लीला बी तसंच बांधून दे. आत्ताच!"