दत्तूभाऊंची फळी

वहिनी, आणि जमलेली सगळी मंडळी,

सुकापूरहून, पनवेल गावातून तुम्ही हातातली कामं टाकून आलात. मला बोलायला उभं केलंय, पण मला भाषण जमत नाही. दत्तूभाऊ असते तर म्हणाले असते, "बस रं खाली, नाय जमत तर."

मी स्टेशनच्या ऑफिसात नकाशे काढतो. नव्या स्टेशनचा जिना उतरलं की रस्त्याच्या आधी गटार लागतं. आमची हद्द आम्ही आमच्या खुंटापासून मोजली. रस्त्याची हद्द नवी वसाहत बांधणाऱ्या ऑफिसने त्यांच्या खुंटापासून मोजली. दोन्ही नकाशे बिनचूक. शेजारी शेजारी ठेवून मात्र कुणी पाहिले नाहीत. मधलं गटार कुणाच्याच कागदावर आलं नाही.

समोर भाऊंचं सायकल स्टँड. त्यांनी घरची फळी आणून गटारावर टाकली आणि पक्कं झाकण मागायला माझ्याकडे आले. मी म्हणालो, "भाऊ, ते तिकडचं, वसाहतीच्या ऑफिसचं काम." तिकडचे म्हणाले, इकडचं. दोन पावसाळे ते असे फिरले. शेवटी एकच मागायला लागले. "झाकन र्‍हाऊ दे. दोगा सायबांना एकदा एका खोलीत बसव. चहा आमी पाजू."

एवढंच मागणं. मला जमलं का? नाही जमलं. पत्र लिहिलं, वर पाठवलं. तिकडचे साहेब दौऱ्यावर. ते परतले तर आमचे रजेवर. मी साधा नोकर माणूस, मी काय करणार होतो? मंडळी, हे मी रोज स्वतःला विचारतो.

गेल्या गुरुवारी सकाळी फळी हलायला लागली. पलीकडे जायला बायका खोळंबल्या होत्या. भाऊ म्हणाले, "थांबा, आदी मी बगतो." त्यांनी पाय ठेवला आणि फळी मोडली. डोकं काठावर आपटलं.

वहिनी, तुमच्याकडे बघायची मला लाज वाटते.

आज पुढच्या रांगेत आमचे साहेब आहेत. शेजारी वसाहतीच्या ऑफिसचे साहेब आहेत. दोघं एका खोलीत. भाऊंनी मागितलेली बैठक ती हीच. घरात सुतक आहे, साहेब, चहा तेवढा मिळणार नाही.

सकाळी मी तिथे दुसरी फळी टाकून आलो. मला तेवढंच करता आलं.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. भाऊ, हात जोडतो.