आमच्यावरच्या सात ओळी

अरे, त्या ब्रिटिशांचं नाव काढू नकोस माझ्यासमोर! ऑस्ट्रेलियात टूवूंबाला युनिव्हर्सिटीत होतो, तेव्हा आमच्या ऑस्ट्रेलियन ट्यूटरने त्यांच्या एका जुन्या गोपनीय फाइलची झेरॉक्स वाटली. नुकतीच खुली झालेली. त्यात त्यांच्या कुणा राजदूताने ऑस्ट्रेलियन लोकांना चक्क ‘अडाणी’ म्हटलेलं. ट्यूटर लालबुंद! पुढे ‘भारतीय’ असा मथळा, आणि खालच्या सातही ओळी काळ्या शाईने झाकलेल्या.

ट्यूटर म्हणाला, “यू आर लकी, मेट!”

“लकी कसला? ‘अडाणी’ उघड ठेवलंय, मग आमच्याबद्दल काय लिहिलं असेल?”

तिरमिरीत लंडनला अर्ज ठोकला. चार महिन्यांनी उत्तर आलं, ‘या ओळी खुल्या केल्यास भारतीयांच्या भावना दुखावतील.’

म्हणजे शिवी घातलीय हे लेखी कळवलं, फक्त कुठली ते गुपित!