झाकणावर लिहिलेली नावे

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (दंत रुग्णालयाच्या पेशी-प्रयोगशाळेत तंत्रज्ञ), राहणार भावाच्या घरी, वरच्या मजल्यावरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी अठरा वर्षे हे काम करते. काढलेल्या दाढेतला गर घेऊन त्यातल्या मूळपेशी आम्ही बाटलीत वाढवतो. जबड्याचे हाड गेले असेल तिथे त्या बसवल्या की नवे हाड धरते. ज्याच्या पेशी त्यालाच द्यायच्या, हा पहिला नियम. माझी भाची, वय १९, हिचा खालचा जबडा गाठीमुळे डावीकडून काढलेला आहे. वर्षभर ती पातळच खाते. तिला एकच अक्कलदाढ आली होती, म्हणजे पेशी घ्यायची संधी एकच. त्या दाढेतल्या पेशी मी सात आठवडे वाढवल्या. ती रोज विचारायची, "आत्या, आज माझं हाड जेवलं का?"

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी तिची आणि दुसऱ्या एका रुग्णाची, एका वेल्डरची, अशा दोन बाटल्या खाद्य बदलायला एकदम घेतल्या. एका वेळी एकच घ्यायची असते. नाव बाटलीच्या अंगावर लिहायचे असते. तिथली शाई स्पिरिटने पुसली जाते म्हणून मी झाकणावर लिहिले होते. दोन्ही झाकणे काढून ठेवली आणि नंतर कुठले कुणाचे ते सांगता येईना. घाई काहीच नव्हती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती म्हणून मी खुशीत होते, एवढेच.

मी लगेच डॉक्टरांना सांगितले. कुठल्या पेशी कुणाच्या, या तपासणीला बारा दिवस लागतात, तोवर पेशी बाद होतात. डॉक्टर म्हणाले, "उजवीकडची दाट दिसतेय. तरुण पोरगी, तिचीच असणार. उगाच राईचा पर्वत करू नका." मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "कळणार कुणाला? तू तोंड मिटून बस." परक्या पेशींनी जखम चिघळली तर उरलेला जबडाही जाईल, असे मी सांगितले. त्याने फोन ठेवला.

दोन वाजता डॉक्टर बाटली न्यायला येणार होते. बाटल्या शाबूत असल्या तर त्यातली एक वापरली जाणारच, हे मला स्वच्छ दिसत होते. पावणेदोनला मी दोन्हींत ब्लीच ओतले. वेल्डरला विचारले नाही. न विचारल्याची मला लाज वाटते.

पेशी नासवल्याची तक्रार भावाने दिली आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. मी आत येताना म्हणाला, "चुकून सांडलं म्हण. तक्रार मागे घेतो, घरी चल." भाचीने माझ्याशी बोलणे टाकले आहे. मला दुसरे घर नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'चुकून ओतले' असे लिहिले होते. हवालदार म्हणाले, "राहू द्या बाई, सुटाल." ते मी खोडायला लावले. आता 'जाणूनबुजून ओतले' असे आहे. ते पुन्हा वाचून घेतले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.