भिंतीवरची बांगडी

कारंजाच्या स्टँडवर धनजच्या गाडीची वाट पाहत दोघी जावा माझ्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. थोरली माहेराहून परतली होती, धाकटी तिला घ्यायला आली होती.

“सेल कायले घेतले, विमल?”

“बुढीच्या बॅटरीचे संपत आले, बाई.”

“मी नवती तं लयच बोलावलं वाटते तुले. लकवा झाला, वाचा गेली, फक्त मान हालते. तिच्या कपायाले बॅटरी बांधायची अक्कल माह्या नवऱ्याची. भितीवर चित्रं बी त्यानंच काढली. पाण्यासाठी गडवा, तुह्यासाठी फूल, माह्यासाठी बांगडी. अन् बुढी मान फिरवून उजेड पाडते फुलावर.”

“फुलावर उजेड पडला का मले तिचं गू-मूत काढा लागते.”

“तरी बोलावते तं तुलेच.”

“तुमी गेल्या तशी दिवसभर बांगडीवर उजेड धरून राहे. त्यातच सेल संपत आले.”

“माह्या बांगडीवर?”

“हो. म्हून मी ते बांगडी पुसून टाकली.”

“काहून व?”

“सारं मी करून राह्यली, अन् वाट तुमची पाह्यते.”

“मंग आता कोठी उजेड पाडते?”

“तठीच. पुसल्या भितीवर.”