चटणीत ओला कांदा

(कोल्हापुरातलं एक स्वयंपाकघर. वर्षभराच्या चटणीची तयारी चाललीय. बनाबाई भिंतीला टेकून बसल्यात. त्यांची नणंद हौसाबाई मिरच्या निवडतेय, सून अवंतिका शेजारी.)

अवंतिका : …पण आत्या, देठं तशीच ठेवून मिरच्या टाकताय तुम्ही.

हौसाबाई : ठाऊक हाय. हळू बोल. तुझ्या सासूला दिसू दे.

अवंतिका : काय दिसू दे? डॉक्टर म्हणाले, आईंना विसरायला होत असलं तरी हाताला काम द्या. म्हणून रंगीत मणी आणले ओवायला. आईंनी वाटी उचलून खरकट्या भांड्यांत ठेवली.

हौसाबाई : बरं केलं. पोरासोरांचा खेळ त्यो.

अवंतिका : रोज सकाळी विचारते, आई, मी कोण? आठवडा झाला, तोंडातून शब्द नाही.

हौसाबाई : रोज परीक्षा घेतीस व्हय? मीबी गप बसले असते. अगं, हिला विचारायचं न्हाई. हिच्या म्होरं चुकायचं. दुसऱ्याचं चुकलेलं उभ्या जन्मात सोसलं न्हाई हिला.

बनाबाई : देठं.

अवंतिका : आत्या, आई बोलल्या.

हौसाबाई : तिकडं बघू नगंस. काय म्हंतासा बाई?

बनाबाई : देठं काढ की. चटणी हाय का वैरण? आण हिकडं ती पाटी.

हौसाबाई : घ्या. तवर मी कांदा घालते. ह्यो असाच, ओला.

बनाबाई : ओला? आठ दिसात बुरशी धरंल. उन्हात वाळवायचा, मग तळायचा. कुणी शिकवलं गं तुला?

हौसाबाई : आमच्या वैनीनं.

बनाबाई : बिनडोक दिसती तुझी वैनी.

अवंतिका : आत्या, डोळे का पुसताय?

हौसाबाई : धूर लागला.

अवंतिका : गॅस अजून पेटवलाच नाही.

हौसाबाई : मग मिरची लागली असंल. सांजच्या गाडीनं शिरोळला परत जायचं हाय मला, आन आल्यापासनं हिनं वळखलं न्हाई. थांब, आता जरा थोरली चूक करते.

अवंतिका : अजून काय घालताय त्यात?

हौसाबाई : चटणीत न्हवं. बाई, मी तुमची धाकटी जाऊ बघा. तुमच्या लग्नात माझ्यासारखं शहाण्यागत कोण वागलं न्हवतं.

बनाबाई : जाऊ? ह्यास्नी भाऊच न्हाई. मला कुठली जाऊ?

हौसाबाई : हाय की. ही काय समोर बसलीया.

बनाबाई : खोटं. करवली हुतासा तुमी. पाण्याचा करा हातात धरायचा सोडून समदा माझ्या शालूवर वतलासा, आन वर तुमीच रडत बसलासा. जाऊ म्हणं. वन्सं हायसा माझ्या.

अवंतिका : आत्या, अहो आत्या…

हौसाबाई : चुकलं गं वैनी माझं.

बनाबाई : चुकू द्या. मी हाय की सांगायला.