पत्रकार कक्षाचा पास आणि माहा पत्र्याचा भोंगा

अन्याय झाला तो माह्यावर, किसन नावाच्या माणसावर, राहणार तालुका जळगाव जामोद. अन् कव्हा झाला तेही लिहून घ्या, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये का हा हवेत बोलला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा दुसरा सोमवार, प्रश्नोत्तराचा तास, भिंतीवरच्या घड्याळात बाराले दहा कमी. त्या टायमाले मले विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोघाईनं बगलेत धरून बाहेर काढलं. पायात एकच चप्पल उरली. दुसरी अजून तठीच आहे.

आता मुळापासून सांगतो. माहा बाप गावची दवंडी देये. डफडं वाजवायचं अन् पाटलाचा, तलाठ्याचा हुकूम गल्लोगल्ली पुकारायचा, हे काम आमच्या घराच्या गळ्यात पिढ्यानपिढ्या. धम्माची दीक्षा घेतली तव्हा बापानं डफडं खाली ठेवलं अन् म्हणे किसन्या, दुसऱ्याचा हुकूम पुकारणं बंद, तू शीक. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, पत्रकं लिहिली, पत्रकं वाटली, पत्रकापायी दोनदा मारही खाल्ला, अन् मंग मलकापूरच्या छापखान्यातून चार पानाचं साप्ताहिक काढलं, पारावर नावाचं. छापतो दोनशे. पण काय सांगू तुम्हाले, आमच्याकडे डोळ्यानं वाचणारे कमी अन् कानानं वाचणारे जास्त. म्हणून बाजाराच्या दिवशी मी बैलगाडीवर उभा राहतो, पत्र्याचा भोंगा तोंडाले लावतो अन् पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचतो. त्याची एक रीत आहे. बातमी समजली का समोरचे हाव म्हणतात, तव्हाच मी पुढं जातो. मागून कोणी म्हटलं काय म्हणे बे, तर तीच बातमी पुन्हा, मोठ्यानं अन् सोप्या बोलीत. मागच्याले ऐकू आल्याशिवाय पान पलटायचं नाही. बाप येते ऐकाले. म्हणते गळा माहाच आहे, हुकूम तेवढा तुहा.

तर पूल. आमच्या नदीवर पूल नाही. माह्या शेजारचा भिकाजी आबा, कानानं थोडा मंद, त्याच्या सुनेले पावसाळ्यात बाळंतपणासाठी खाटेवर टाकून चौघाईनं छातीभर पाण्यातून नेलं. नातू नदीच्या मधातच झाला. पोरगं आता चालून राह्यलं, पण त्याचा जन्म अलीकडच्या गावच्या दप्तरात लिहायचा का पलीकडच्या, हे अजून ठरलं नाही. आमच्या आमदारसाहेबाईनं पुलाचा प्रश्न विधानसभेत लावला, तव्हा मी म्हटलं उत्तर आपण आपल्या कानानं ऐकू अन् बाजारात वाचू. आबा म्हणे मीही येतो, नातवाचं गाव ठरू दे एकदाचं.

मलकापूरले गाडीत बसलो, नागपूरले उतरलो, पासाच्या खिडकीवर गेलो. मुंबईहून आलेले बाबू मफलर गुंडाळून बसले होते, थंडीवर नाराज. म्हणे, आपल्या पत्राचा खप किती? म्हटलं छापील दोनशे, ऐकणारा अख्खा बाजार. ते म्हणे ऐकणाऱ्यांचा रकाना नाही. म्हटलं मंग एक आखा. ते म्हणे वितरण कशाने करता, टपालाने की रेल्वेने? मी पिशवीतून भोंगा काढला अन् खिडकीत ठेवला. म्हटलं याच्यानं. बाबूनं वाकून आत पाह्यलं, जसा काही बाजार तळाशी बसला असन. मंग अर्जावर लिहिलं, नियमात बसत नाही, अन् भोंगा पहारेकऱ्याच्या खोलीत जमा, छत्र्याईच्या बाजूले. आबा म्हणे, साहेब, हा खोटं नाही वाचत. बाबू म्हणे, आजोबा, खऱ्याखोट्याचाही रकाना नाही.

शेवटी आमदारसाहेबाईच्या चिठ्ठीवर प्रेक्षक गॅलरीत बसलो. वही नाही, पेन्सिल नाही, बोलणं नाही. समोर पत्रकाराईची गॅलरी, टेबल, खुर्च्या, दौती. आमच्या जिल्ह्याचा पासवाला वार्ताहर तठी बसला होता, पुलाचा नंबर आला अन् तो चहाले उठला. मंत्रीमहोदय हळूच म्हणे, प्रस्ताव विचाराधीन आहे, चालू योजनेत तरतूद नाही. मागच्या ओळीतून आबा म्हणे, काय म्हणे बे.

आता मले सांगा, सहा वर्षं ज्या माणसानं हे शब्द ऐकले का बातमी फिरून वाचली, तो काय करन? मी उभा राह्यलो, दोन्ही हाताचा भोंगा केला अन् म्हटलं, मागच्याईसाठी पुन्हा सांगतो, मंत्री म्हणे पूल नाही, नुसता विचार आहे. अन् आबा रीतीप्रमाणे म्हणे, हाव.

खालचे आमदार वर पाहून हसले, दोन्ही बाजूचे हसले, अध्यक्षाईनं घंटा वाजवली. पुढचं तुम्हाले माहीत आहे. चप्पल.

हसा, मीही हसतो. पण गावी पोचलो तर वेशीवर आंब्याच्या पानाची कमान. पासवाल्यानं आमदारसाहेबाईले विचारून मोठ्या पेपरात छापलं होतं, पुलाचा प्रश्न मार्गी. बाजाराचा दिवस, अन् आमदारसाहेबाईले हार, पेढे, बँड. मी बैलगाडीवर चढलो अन् नागपूरले जे ऐकलं तेच वाचलं. आमदारसाहेब शांतपणे म्हणे, किसन, तुह्याजवळ पास आहे काय? पासवाला लिहिते पूल होते, बिनपासाचा म्हणते होत नाही, लोकाईनं कोणाचं ऐकावं? आबा उठला, म्हणे म्या माह्या कानानं ऐकलं. आमदारसाहेब म्हणे, आबा, तुम्हाले ऐकू तरी येते काय? सगळा बाजार हसला. त्या दिवशी पहिल्यांदा माह्या बातमीवर कोणी हाव म्हटलं नाही.

पावसाळा आला. पूल नाही आला. ज्याईनं हार घातले त्याईच्याच खांद्यावर खाट.

यंदा पासासाठी फिरून अर्ज भरला आहे. खपाच्या रकान्यात दोनशेच लिहिलं, खोटं कशाले लिहू, अन् खाली पट्टीनं नवा रकाना आखला, ऐकणारे. तो भरला नाही तर बाबू पुन्हा तेच लिहीन, अन् पुढच्या पुलाचं उत्तर पुन्हा चहाच्या टपरीवर ठरन. तुम्ही डोळ्यानं वाचणारे आहात, तर हे पान घडी करून खिशात टाकू नका. उठा, जवळच्या ओट्यावर जा अन् हे मोठ्यानं वाचा, मागच्याले ऐकू येईपर्यंत वाचा. जो हाव म्हणन त्याचं नाव अन् गाव पोस्टकार्डावर लिहून अधिवेशनाच्या आधी मले पाठवा. पहिलं नाव मी भिकाजी आबाचं लिहिलं आहे. दुसरं तुम्ही पाठवा.