बाहेरची कडी

—नाही नाही, सुतारदादा, दार नाही बदलायचं. फक्त आतली कडी काढायची. जरा लवकर करा हं, हे त्याला घेऊन डॉक्टरकडे गेलेत, ते यायच्या आत झालं पाहिजे. मुलाची खोली आहे. मूल कसलं — चौतिशीचा घोडा. डॉक्टरच म्हणाले, आतून कडी लावू देऊ नका. का, ते विचारू नका.

नोकरी गेली ना त्याची, दोन वर्षं झाली. कारखान्यात नकाशे काढायचा. एकदम बारा जणांना काढलं — अकरा जण साहेबांशी भांडले, चौघांना परतही घेतलं. आणि आमचा? आमच्यानं आपला कप धुतला, पिशवीत घातला आणि आला घरी. सांगितलं का मला? छे. तीन महिने रोज डबा घेऊन बाहेर पडायचा, आणि मी बावळट, रोज विचारायची, भाजी पुरली का रे? आता खोलीबाहेर काढायचं तरी हातापाया पडावं लागतं.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कसा होता? मी म्हटलं, शांत. त्याच्यासमोर म्हटलं. त्यानं नुसतं पाहिलं माझ्याकडे. — शांत कसला, दादा, कानात वारं शिरलेलं वासरू होतं ते. रडला की घर डोक्यावर, हसला तरी घर डोक्यावर. शेजारणी नावं ठेवायच्या मला. मग मी —

काय? हो, बाहेरूनही कडी आहे. तेच सांगतेय. कोंडायची मी त्याला. रडणं थांबलं की उघडायची. वर्षभरात असा गुणी झाला, त्याच शेजारणी विचारायला यायच्या, काय केलंत हो? आणि मी फुशारकीनं सांगायची.

जुनी आहे, मग सरकते कशी एवढी? — तेल घातलंय. गेल्या आठवड्यात. नणंदबाई येणार होत्या, याची दाढी वाढलेली, अंगाला वास... लाज वाटली मला. पोटच्या पोराची लाज. लावली बाहेरून कडी. त्या गेल्या आणि मी विसरले हो, चक्क विसरले. अंधार पडला तेव्हा आठवलं. ना थाप, ना हाक. धावत जाऊन उघडलं, म्हटलं, अरे, हाक तरी मारायचीस. तर म्हणतो कसा — "गप्प बसल्याशिवाय तू उघडत नाहीस ना."

चिडून नाही म्हणाला. समजावल्यासारखं म्हणाला. चिडला असता तर बरं वाटलं असतं मला.

झाली आतली? नको, त्या कडीला हात लावू नका. पेचकस इथंच ठेवा, उद्या न्या. ती मी काढते — तो आला की, त्याच्या देखत. या तुम्ही आता.